'केलं आहे' म्हणजे दरवेळी 'हॅव डन' नव्हे: इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ कधी आणि कसा वापरायचा

शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ होतो. प्रत्येक काळासमोर एक मराठी शेपूट लिहिलेले असते, आणि 'ला आहे, ली आहे, ले आहे' दिसले की हॅव किंवा हॅज लावायचे हे डोक्यात पक्के बसते. प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, चुकतो तो मुख्यतः या तक्त्यामुळेच. मराठीतला 'आहे' आणि इंग्रजीतला 'हॅव' यांचे कधी जुळते, कधी अजिबात जुळत नाही. 'तो बसला आहे' याचे इंग्रजी 'ही हॅज सॅट' होत नाही. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' यात 'ला आहे' कुठेच नाही, तरी इंग्रजीत तिथे हॅव लागतो.

म्हणून मराठी वाक्याच्या शेपटाकडे पाहणे सोडायचे आणि वेळेकडे पाहायचे. ते कसे, हे पुढे क्रमाने दिले आहे. साधा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ तुम्हाला येतो असे इथे धरले आहे.

आधी हाताशी काय हवे

- एक वही. तिची मागची दहा पाने क्रियापदांसाठी राखून ठेवा.
- क्रियापदाची तिन्ही रूपे आणि उच्चार देणारा, शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी शब्दकोश. नुसता इंग्रजी-मराठी कोश इथे पुरत नाही.
- तुम्ही स्वतः लिहिलेले दहा-पंधरा जुने इंग्रजी ईमेल किंवा संदेश. चुका शोधायला यापेक्षा चांगले साहित्य मिळणार नाही.

१. सांगाडा पक्का करा आणि कर्मावरची नजर काढा

रचना सोपी आहे: कर्ता, मग हॅव किंवा हॅज, मग क्रियापदाचे तिसरे रूप. ही, शी, इट किंवा एकच व्यक्ती अथवा वस्तू कर्ता असेल तर हॅज. आय, यू, वी, दे आणि सगळी अनेकवचने यांना हॅव.

एवढे सोपे असून चूक का होते? मराठीत अशा वाक्यात क्रियापद बहुधा कर्माच्या मागे जाते. 'तिने पत्र लिहिले आहे', 'तिने चिठ्ठी लिहिली आहे', 'तिने पत्रे लिहिली आहेत'. 'तिने' जागची हलत नाही. बदलते ते 'आहे'चे 'आहेत'. हीच सवय इंग्रजीत उतरते आणि पत्रे अनेक म्हणून 'शी हॅव रिटन लेटर्स' असे लिहिले जाते. इंग्रजीत पत्र एक असो की शंभर, लिहिणारी एक असेल तर हॅजच: 'शी हॅज रिटन लेटर्स'. उलट 'त्यांनी एक पत्र लिहिले आहे' याचे 'दे हॅव रिटन अ लेटर'. 'मी काम केले आहे' यातला 'आहे' एकवचनी वाटतो म्हणून 'आय हॅज डन' लिहिणारेही भेटतात. वाक्य लिहून झाले की कर्त्यावर बोट ठेवा, कर्माकडे बघूच नका.

नकार करताना नॉट हॅवला चिकटतो: 'आय हॅव नॉट फिनिश्ड', बोलताना 'आय हॅवन्ट फिनिश्ड'. प्रश्न करताना हॅव कर्त्याच्या पुढे उडी मारतो: 'हॅव यू फिनिश्ड?' इथे डू किंवा डिड आणायचे नाही. 'डू यू हॅव फिनिश्ड?' आणि 'आय डोन्ट हॅव फिनिश्ड' दोन्ही चूक.

संक्षिप्त रूपांचा एक गोंधळ. 'ही'ज' हे 'ही इज'चे रूप असते आणि 'ही हॅज'चेही. पुढचा शब्द पाहा: 'ही'ज गोइंग' म्हणजे इज, 'ही'ज बीन' म्हणजे हॅज. आणि 'हॅव यू फिनिश्ड?' याला 'येस, आय हॅव' असे पूर्ण उत्तर द्यावे लागते. 'येस, आय'व्ह' असे तोडून थांबता येत नाही.

हॅव दोनदा आला तर घाबरू नका. 'आय हॅव हॅड लंच' हे बरोबर आहे. पहिला हॅव काळाचा, दुसरा हॅड हे 'घेणे' या अर्थाच्या हॅवचे तिसरे रूप.

२. तिसरी रूपे गटांनी पाठ करा

वर्णानुक्रमे यादी पाठ करू नका. ती टिकत नाही. गट पाडले की डोक्यात बसते.

नियमित क्रियापदांचे दुसरे आणि तिसरे रूप सारखेच, शेवटी ईडी. इथे प्रश्न उच्चाराचा आहे. क, प, स, श, च, फ या आवाजांनंतर ईडीचा उच्चार ट असा होतो: वर्क्ट, हेल्प्ट, वॉश्ट. ट आणि ड नंतर इड: वाँटिड, नीडिड. बाकी सगळीकडे नुसता ड: प्लेड, ओपन्ड. 'वर्केड', 'हेल्पेड' असे उच्चार ऐकणाऱ्याला लगेच खटकतात.

अनियमित क्रियापदांचे चार गट असे पाडा:

- तिन्ही रूपे एकच: कट, पुट, हिट, शट, लेट, सेट, कॉस्ट, हर्ट. 'वाचणे' या अर्थाचे रीड लिहायला तिन्ही ठिकाणी सारखे, पण वाचायला रीड, रेड, रेड.
- दुसरे आणि तिसरे सारखे: मेक-मेड-मेड, से-सेड-सेड, सेंड-सेंट-सेंट, फाइंड-फाउंड-फाउंड, लीव्ह-लेफ्ट-लेफ्ट, मीट-मेट-मेट, लूज-लॉस्ट-लॉस्ट, थिंक-थॉट-थॉट, टीच-टॉट-टॉट.
- पहिले आणि तिसरे सारखे: कम-केम-कम, बिकम-बिकेम-बिकम, रन-रॅन-रन. गट लहान, पण चुका भरपूर. 'ही हॅज केम' नाही, 'ही हॅज कम'.
- तिन्ही वेगळी: गो-वेंट-गॉन, डू-डिड-डन, सी-सॉ-सीन, ईट-एट-ईटन, टेक-टुक-टेकन, गिव्ह-गेव्ह-गिव्हन, राइट-रोट-रिटन, स्पीक-स्पोक-स्पोकन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन, नो-न्यू-नोन.

खरा त्रास शेवटच्या गटाचा. 'आय हॅव वेंट', 'आय हॅव सॉ', 'शी हॅज टुक' या चुका याच गटातल्या: दुसरे रूप तोंडात बसलेले असते आणि तेच पुढे येते. या गटापासून सुरुवात करा. रोज पाच क्रियापदे, प्रत्येकाची दोन वाक्ये, एक साध्या भूतकाळात आणि एक हॅवसह. साठ क्रियापदे बारा दिवसांत होतात, आणि रोजच्या बोलण्यात लागणारी बहुतेक त्यांत येतात.

दोन जोड्या वेगळ्या लिहून ठेवा. बाय-बॉट (विकत घेणे) आणि ब्रिंग-ब्रॉट (आणणे) यांत एका र चा फरक आहे, आणि तो र हटकून चुकीच्या जागी पडतो. तसेच फॉल-फेल-फॉलन (पडणे) आणि फील-फेल्ट-फेल्ट (वाटणे).

३. चौकट उघडी की बंद, हे ठरवा

सगळ्या लेखातले मुख्य काम इथे आहे. कागदावर एक आडवी रेघ काढा. उजव्या टोकाला 'आत्ता' असे लिहा. आता तुमच्या वाक्यातला काळ रेघेवर चौकटीसारखा आखा. चौकटीची उजवी भिंत 'आत्ता'पर्यंत पोहोचते का? पोहोचत असेल तर चौकट उघडी, हॅव चालतो. मध्येच कुठेतरी बंद होत असेल तर साधा भूतकाळ.

येस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, व्हेन आय वॉज अ चाइल्ड या चौकटी बंद आहेत. त्यांच्यासोबत हॅव कधीच नाही. टुडे, धिस वीक, धिस इयर, सो फार, अप टू नाऊ या उघड्या आहेत.

मराठीत मात्र 'मी हा सिनेमा गेल्या वर्षी पाहिला आहे' हे वाक्य कोणालाही खटकत नाही. त्याचे शब्दशः 'आय हॅव सीन धिस फिल्म लास्ट इयर' इंग्रजीत ठार चूक आहे. दोनपैकी एक निवडा: वेळ सांगायची असेल तर 'आय सॉ धिस फिल्म लास्ट इयर', वेळ सोडायची असेल तर 'आय हॅव सीन धिस फिल्म'. हॅव आणि बंद वेळ एका वाक्यात नांदत नाहीत. अमेरिकन असो की ब्रिटिश, या नियमाला दोन्हीकडे सूट नाही.

एका बारीक शब्दाने चौकट बदलते, तेही पाहून घ्या. 'लास्ट इयर' म्हणजे मागचे कॅलेंडर वर्ष. ते ३१ डिसेंबरला संपले, चौकट बंद. 'इन द लास्ट इयर' म्हणजे आजपासून मागे मोजलेले बारा महिने; उजवी भिंत आजवर येते, चौकट उघडी. म्हणून 'आय मूव्ह्ड हाऊस लास्ट इयर', पण 'आय हॅव मूव्ह्ड हाऊस ट्वाइस इन द लास्ट इयर'. 'द' गेला की काळही बदलला.

आणखी एक: 'धिस मॉर्निंग'. सकाळी अकराला बोलत असाल तर सकाळ संपलेली नाही: 'आय हॅव हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग'. संध्याकाळी पाचला तेच सांगताना 'आय हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग'. शब्द तेच, घड्याळ बदलले.

'व्हेन' ने सुरू होणारा प्रश्न नेमकी वेळ विचारतो, म्हणजे चौकट बंद करूनच विचारतो. 'व्हेन हॅव यू अराइव्ह्ड?' चूक, 'व्हेन डिड यू अराइव्ह?' बरोबर.

४. उघड्या चौकटीतली तीन कामे ओळखा

पहिले काम अनुभवाचे: आयुष्यात कधी ना कधी झाले, कधी ते महत्त्वाचे नाही. 'हॅव यू एव्हर बीन टू लंडन?' दुसरे काम परिणामाचे: गोष्ट घडली आणि तिचा परिणाम अजून समोर आहे. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही. 'आय लॉस्ट माय की' म्हटले तर ती नंतर सापडलीही असेल. तिसरे काम चालू स्थितीचे: आधी सुरू झाले आणि अजून आहे. त्याला खाली वेगळी पायरी दिली आहे, कारण तिथे मराठी काळ पूर्णच वेगळा असतो.

अनुभवासाठी ज्याचा अनुभव तो हयात असावा लागतो, कारण त्याची चौकट उघडी हवी. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्यामुळे 'शेक्सपिअर हॅज रिटन मेनी प्लेज' नाही, 'शेक्सपिअर रोट मेनी प्लेज'. मात्र 'हिज प्लेज हॅव बीन परफॉर्म्ड ऑल ओव्हर द वर्ल्ड' बरोबर, कारण नाटके अजून रंगमंचावर येतात.

संभाषणात हा काळ बहुधा दार उघडतो आणि बाजूला होतो. 'हॅव यू एव्हर बीन टू लंडन?' 'येस, आय हॅव. आय वेंट देअर इन २०१७.' 'डिड यू लाइक इट?' पहिला प्रश्न हॅवचा, पुढचा सगळा तपशील साध्या भूतकाळात. शिकणारे पहिले वाक्य बरोबर बोलतात आणि मग त्याच लयीत सगळी गोष्ट हॅव लावून सांगत सुटतात. बातमीतही हाच क्रम असतो: पहिल्या ओळीत मंत्र्याने राजीनामा दिल्याचे 'हॅज रिझाइन्ड', दुसऱ्या ओळीपासून 'ही हँडेड इन हिज लेटर लास्ट नाइट'.

बीन आणि गॉन यांत गफलत नको. 'शी हॅज गॉन टू द बँक' म्हणजे ती गेली आहे, अजून परतलेली नाही. 'शी हॅज बीन टू द बँक' म्हणजे जाऊन आली. त्यामुळे समोर उभे राहून 'आय हॅव गॉन टू लंडन थ्री टाइम्स' म्हणण्यापेक्षा 'आय हॅव बीन टू लंडन थ्री टाइम्स' म्हणा. जाऊन आल्याच्या या अर्थाने बीनच्या पुढे टू येतो, इन नाही.

'मी हे पहिल्यांदाच पाहतो आहे' इथे मराठी चालू वर्तमानकाळ वापरते. इंग्रजीत 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन धिस'. 'आय अॅम सीइंग' नको.

५. 'पासून' चे दोन तुकडे करा: फॉर आणि सिन्स

मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्हींना एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीला दोन शब्द लागतात. सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स: सिन्स मंडे, सिन्स २०२०, सिन्स धिस मॉर्निंग, सिन्स आय जॉइन्ड. लांबी असेल तर फॉर: फॉर टू इयर्स, फॉर थ्री आवर्स, फॉर अ लाँग टाइम. 'सिन्स टू इयर्स' ही मराठी माणसाच्या इंग्रजीची जवळजवळ ओळखखूण झाली आहे. शंका आली तर कॅलेंडरवर किंवा घड्याळात त्यावर बोट ठेवता येते का ते पाहा. सोमवारवर बोट ठेवता येते, म्हणून सिन्स. 'दोन वर्षे' यावर ठेवता येत नाही, म्हणून फॉर.

दुसरी चूक काळाची. 'मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो' यात साधा वर्तमानकाळ आहे, म्हणून 'आय नो हिम सिन्स टेन इयर्स' किंवा त्याहून पुढे जाऊन 'आय अॅम नोइंग हिम'. बरोबर वाक्य: 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स'. सुरुवात भूतकाळात, स्थिती अजून चालू, आणि किती काळ हे सांगितले आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हॅव लागतोच.

सिन्सच्या पुढे छोटे वाक्य येत असेल तर त्या छोट्या वाक्यात साधा भूतकाळ: 'आय हॅव लिव्ड हिअर सिन्स आय गॉट मॅरिड'.

प्रश्न विचारताना 'हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?' म्हणजे आतापर्यंत किती दिवस झाले. 'हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?' म्हणजे एकूण किती दिवस राहणार. पाहुण्याला दुसरा प्रश्न विचारलात तर तो परतीची तारीख सांगेल, आणि तुम्ही त्याला घालवायला बघता आहात की काय असेही त्याला वाटू शकते.

'तो पाच वर्षांपूर्वी वारला' हे 'ही डाइड फाइव्ह इयर्स अगो'. 'ही हॅज डाइड सिन्स फाइव्ह इयर्स' नाही. मरण एका क्षणात होते, ते पाच वर्षे चालत नाही. हेच कम, अराइव्ह, स्टार्ट, जॉइन, बाय यांचे. 'आय हॅव जॉइन्ड धिस ऑफिस फॉर टू इयर्स' चूक, 'आय हॅव बीन इन धिस ऑफिस फॉर टू इयर्स' बरोबर.

६. 'हॅव बीन' आणि आयएनजी कधी

काम चालू आहे किंवा नुकतेच थांबले आहे, आणि भर कामावर आहे, तेव्हा 'हॅव बीन' आणि आयएनजीवाले रूप: 'आय हॅव बीन वेटिंग फॉर अॅन आवर'. भर हातात काय आले यावर असेल, किंवा मोजणी असेल, तर साधे तिसरे रूप. 'आय हॅव बीन रायटिंग ईमेल्स ऑल डे' आणि 'आय हॅव रिटन ट्वेल्व्ह ईमेल्स'. बारा हा आकडा आला की आयएनजी जातो.

'आय हॅव रेड युवर रिपोर्ट' म्हणजे संपवला. 'आय हॅव बीन रीडिंग युवर रिपोर्ट' म्हणजे वाचतो आहे, बहुधा संपलेला नाही. वरिष्ठांना कोणते वाक्य पाठवताय ते बघून पाठवा.

नो, बी, लाइक, बिलीव्ह, ओन, 'जवळ असणे' या अर्थाचे हॅव, अशी स्थिती दाखवणारी क्रियापदे आयएनजी घेत नाहीत. लिव्ह आणि वर्क दोन्हीकडे चालतात: 'आय हॅव लिव्ड हिअर' आणि 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर' यांत फरक इतका कमी आहे की त्यात वेळ घालवू नका.

७. छोट्या शब्दांच्या जागा

जस्ट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर हे हॅव आणि तिसरे रूप यांच्या मध्ये बसतात: 'आय हॅव जस्ट ईटन', 'शी हॅज ऑलरेडी लेफ्ट'. येट शेवटी, आणि फक्त प्रश्नात किंवा नकारात: 'ही हॅजन्ट कॉल्ड येट'. स्टिल नकारात हॅवच्या आधी: 'ही स्टिल हॅजन्ट कॉल्ड', यात थोडा वैतागही येतो. नेव्हरसोबत नॉट नको. 'आय हॅवन्ट नेव्हर' मध्ये नकार दोनदा झाला.

अमेरिकन बोलण्यात जस्ट, ऑलरेडी, येट यांच्यासोबत साधा भूतकाळही सर्रास येतो: 'डिड यू ईट येट?', 'आय जस्ट एट'. ते चूक नाही. तुम्ही लिहिताना हॅव वापरा. तो दोन्हीकडे चालतो. गेटचे तिसरे रूप ब्रिटिशांत गॉट, अमेरिकेत बहुधा गॉटन.

८. मराठी 'आहे' आणि 'होते' जिथे फसवतात

वहीत या तीन याद्या वेगळ्या पानांवर ठेवा. एरवी चांगले इंग्रजी लिहिणारेही इथे घसरतात.

पहिली यादी, स्थिती दाखवणारा 'आहे'. 'तो खुर्चीवर बसला आहे' म्हणजे बसण्याची क्रिया पूर्ण झाली असे आपल्याला सांगायचे नसते. तो या क्षणी बसलेल्या स्थितीत आहे, एवढेच. इंग्रजीत 'ही इज सिटिंग'. 'बाळ झोपले आहे': 'द बेबी इज स्लीपिंग'. 'तिने चष्मा घातला आहे': 'शी इज वेअरिंग ग्लासेस'. 'चित्र भिंतीवर टांगले आहे': 'द पिक्चर इज हँगिंग ऑन द वॉल'. चाचणी अशी: मराठी वाक्यात 'ला आहे' ऐवजी 'लेला आहे' घाला आणि डोळ्यांसमोर फोटो आणा. फोटोत ती स्थिती दिसत असेल तर बहुतेक वेळा हॅव नको.

दुसरी यादी, लांबच्या भूतकाळाचा 'होता'. 'मी गेल्या वर्षी लंडनला गेलो होतो' याचे 'आय हॅड गॉन टू लंडन लास्ट इयर' करू नका. इंग्रजीत हॅड तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवायचे असते: 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टेशन'. दुसरी घटना कुठे दिसतच नसेल तर हॅड काढून टाका: 'आय वेंट टू लंडन लास्ट इयर'.

तिसरी यादी, भूतकाळाच्या वेषातला वर्तमान. 'मला भूक लागली' म्हणजे 'आय अॅम हंग्री'. 'मी दमलो' म्हणजे 'आय अॅम टायर्ड'. 'आलोच!' म्हणजे 'आय अॅम कमिंग'. निघण्याआधीच आल्याची बातमी देण्याची सोय इंग्रजीत नाही.

९. जिथे चूक महाग पडते

नोकरीच्या मुलाखतीत आणि बायोडेटात एका हॅवने माहितीच बदलते. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' ऐकणारा समजतो की तुम्ही अजून तिथेच आहात. नोकरी सोडली असेल तर 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' म्हणा, नाहीतर पुढचा प्रश्न नोटिसच्या कालावधीचा येईल आणि तुमची उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. उलट चालू नोकरीबद्दल 'आय वर्क्ड' म्हटलात तर सोडली असे वाटेल.

कार्यालयीन ईमेलात हा काळ सतत लागतो. जोडपत्रासाठी 'आय हॅव अटॅच्ड द फाइल'. 'आय हॅड अटॅच्ड' लिहिले तर आधी कधीतरी जोडली होती, आता नाही, असा वास येतो. आठवण करताना 'हॅव यू हॅड अ चान्स टू लुक अॅट इट?' हे 'डिड यू सी इट?' पेक्षा मऊ लागते. पोच देताना 'आय हॅव रिसीव्ह्ड युवर लेटर'. तारीख घातलीत तर लगेच 'आय रिसीव्ह्ड युवर लेटर ऑन मंडे'.

१०. जुने लेखन तपासा, मग या वाक्यांवर हात चालवा

जुन्या ईमेलांतले प्रत्येक हॅव, हॅज, हॅड गोल करा. प्रत्येकासाठी क्रमाने चार प्रश्न: वाक्यात बंद वेळ आहे का? कर्ता आणि हॅव-हॅज जुळतात का? रूप तिसरेच आहे का? सिन्सच्या पुढे बिंदू आहे की लांबी? मग उलट बाजूने जा आणि 'फॉर' किंवा 'सिन्स' असलेली पण हॅव नसलेली वाक्ये शोधा. पहिल्या तपासणीत चुका भरपूर निघतील. पंधरा दिवसांनी नवे ईमेल घेऊन पुन्हा करा.

खालची वाक्ये आधी स्वतः इंग्रजीत करा, मग उत्तरे पाहा.

अ. मी सकाळपासून वाट पाहतो आहे.
आ. तिने काल तीन पुस्तके घेतली आहेत.
इ. आजोबा आरामखुर्चीत बसले आहेत.
ई. तू ही नोकरी कधी धरलीस?
उ. मी त्याला लहानपणापासून ओळखतो.
ऊ. ते बाजारात गेले आहेत, अजून आले नाहीत.

उत्तरे:

अ. आय हॅव बीन वेटिंग सिन्स धिस मॉर्निंग.
आ. शी बॉट थ्री बुक्स येस्टर्डे. 'काल' आला, हॅव गेला. आणि र घातलात तर ती पुस्तके विकत घेतलेली नाहीत, कुठून तरी आणलेली होतात.
इ. ग्रँडफादर इज सिटिंग इन द आर्मचेअर.
ई. व्हेन डिड यू टेक धिस जॉब?
उ. आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहूड.
ऊ. दे हॅव गॉन टू द मार्केट. दे हॅवन्ट कम बॅक येट. इथे 'हॅवन्ट केम' लिहिले असेल तर दुसऱ्या पायरीतला तिसरा गट पुन्हा काढा.